पायऱ्यांखालची कबर



मे महिन्याच्या सुट्टीत गावी जायचं आणि डिसेंबरात कुठेतरी लांब, हा आमच्या घरचा शिरस्ता वाचकांना आता पाठ झाला असेल. या खेपेला आम्ही पाच जण होतो. आम्ही दोघं, अम्मी, नववीतली थोरली आणि पाचवीतला धाकटा. धाकट्याची अट एकच होती. किल्ले पुष्कळ झाले, दर्गे झाले, या वेळी गूढ वाडा पाहिजे. गुप्त दरवाजे, भुयार, बंद खोली, सगळं हवं. आमच्यापैकी एकाचं कोलकात्यात चार दिवसांचं काम निघालं होतं. तेव्हा ठरलं, तिथून मुर्शिदाबाद.

कोलकात्याहून मुर्शिदाबाद सुमारे दोनशे किलोमीटर. सकाळच्या गाडीने निघालं की दुपारपर्यंत पोहोचता येतं. भागीरथीच्या काठावरचं हे गाव आज अगदी शांत आहे. बंगाल, बिहार आणि ओडिशाचा कारभार एकेकाळी इथून चालत होता, हे स्टेशनाबाहेर उभं राहून खरं वाटत नाही. बाहेर टोटो उभ्या असतात, म्हणजे आपल्याकडची बॅटरीवरची रिक्षा. घोडागाड्याही आहेत. अम्मींच्या गुडघ्यांचा विचार करून आम्ही दोन दिवसांसाठी एक टोटो ठरवली.

टोटोवाले चाचा बोलके होते. कुठून आलात, त्यांनी विचारलं. महाराष्ट्रातून म्हटल्यावर त्यांनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि मोठ्याने हसले. म्हणाले, "अरे, म्हणजे तुम्ही बर्गी!"

धाकट्याला काही कळलं नाही. थोरलीला हळूहळू कळलं. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार, ज्याचं घोडं आणि हत्यार त्याचं स्वतःचं नसतं. या शब्दाचं बंगालीत 'बर्गी' झालं. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर येत राहिल्या. गावं जळाली, लोक नदीपार पळाले. त्या वेळचे नवाब अलीवर्दी खान यांनी १७४४ मध्ये भास्करपंत कोल्हटकरांना बोलणी करायला म्हणून तंबूत बोलावलं आणि तिथेच ठार केलं. तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. शेवटी १७५१ मध्ये तह झाला. ओडिशा भोसल्यांकडे गेला आणि वर्षाला बारा लाखांची चौथ ठरली. ती दहशत इतकी खोल गेली की बंगाली आया आजही मुलांना झोपवताना जे गाणं म्हणतात त्यात बर्गी येतात.

थोरली थोडा वेळ गप्प होती. तिच्या शाळेत इतिहासाच्या तासाला अफजलखानाचा धडा आला की दोन-चार माना तिच्याकडे वळतात. हे तिने आम्हाला एकदाच सांगितलं होतं, तेही जेवता जेवता, फार मोठं काही नाही अशा आवाजात. आता ती म्हणाली, "अब्बा, म्हणजे तिकडे मी खानाची आणि इकडे मी भोसल्यांची?"

चाचांना आम्ही हे हिंदीत सांगितलं. ते पुन्हा हसले, पण या वेळी जरा वेगळं.

पहिला मुक्काम अर्थात हजारदुआरी. नवाब हुमायूं जाह यांच्यासाठी बांधलेला हा महाल १८२९ ते १८३७ या काळात उभा राहिला. आराखडा बंगाल इंजिनिअर्सच्या डंकन मॅक्लिऑड यांचा. समोर सदतीस पायऱ्यांचा भव्य चढ, वर उंच खांब, पाहताना विलायतेतल्या एखाद्या सरकारी इमारतीसमोर उभे आहोत असं वाटतं. नावाप्रमाणे दारं हजार. पण त्यातली खरी नऊशे, बाकीची शंभर खोटी. भिंतीवर चौकट आहे, झडपा आहेत, मागे नुसती भिंत.

खोटी दारं कशाला, याचं गाइडकडे तयार उत्तर असतं. मारेकरी पळताना फसावा म्हणून. धाकटा खूश झाला आणि दार हाताने ढकलून पाहायला निघाला. आम्हाला मात्र वाटतं, कारण याहून साधं असावं. तशा घडणीच्या इमारतींत डाव्या हाताला दार असेल तर उजव्या हातालाही दिसायला हवं, मग त्यामागे खोली असो वा नसो. शिवाय मारेकरी यायला सत्ता तरी हातात हवी. दिवाणी १७६५ मध्येच कंपनीकडे गेली होती. महाल पुरा झाला तेव्हा नवाबांकडे मान होता, तनखा होता, दरबार होता, राज्य नव्हतं.

आत आता वस्तुसंग्रहालय आहे. हत्यारं, पालख्या, हस्तिदंती काम, जुने ग्रंथ, चित्रं. सगळ्यात गर्दी असते ती एका आरशापाशी. काटकोनात बसवलेले दोन आरसे असे आहेत की समोर उभं राहिलं तर स्वतःचा चेहरा दिसत नाही, बाजूच्या माणसाचा दिसतो. धाकटा तिथे दहा मिनिटं उड्या मारत होता.

समोरचा निजामत इमामबाडा लांबीने डोळ्यांत मावत नाही. सिराजुद्दौलाने बांधलेला जुना इमामबाडा १८४६ च्या आगीत गेला आणि पुढच्याच वर्षी हा नवा उभा राहिला. तो मुहर्रमच्या दिवसांतच सर्वांसाठी उघडतो, त्यामुळे आम्ही बाहेरूनच पाहिला.

दुपारी चाचांनी आम्हाला मोतीझीलला नेलं. सिराजची खाला घसेटी बेगम हिचा महाल इथे होता. नवाब झाल्यावर सिराजने तो आणि तिथली दौलत ताब्यात घेतली. महाल राहिलेला नाही. राहिलीय ती एक चौफेर बंद खोली. ना दार, ना खिडकी. आत बेगमचा खजिना आहे, जो फोडायला गेला तो मेला, असं सांगतात. धाकट्याने भिंतीला कान लावला. आतून आवाज येतो, असं त्याने जाहीर केलं. अम्मी म्हणाल्या, "तुझ्याच कानाचा येतोय."

मग जगत सेठांची कोठी. आज ती छोटं संग्रहालय आहे, खाली तळघर आणि भुयार दाखवतात. या सावकारांच्या पेढीवर नवाब आणि कंपनी दोघंही चालत. १७४२ च्या मे महिन्यात मराठ्यांच्या फौजेची एक तुकडी मुर्शिदाबादेत शिरली आणि जगत सेठांची पेढी लुटून गेली. तुकडीला वाट दाखवणारा होता मीर हबीब, इराणातून आलेला, आधी नवाबांच्या चाकरीत असलेला. थोरलीने हे दोनदा विचारून घेतलं. मराठ्यांच्या बाजूने मीर हबीब, आणि नवाबाच्या बाजूने? आम्ही म्हटलं, नवाबाच्या दरबारात राय दुर्लभ होते, तिजोरी जैन सावकारांची होती. ती म्हणाली, "मग पुस्तकात दोनच बाजू कशा असतात?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

नमकहराम देवडीपाशी मात्र टोटो फक्त हळू केली, थांबवली नाही. ही मीर जाफरच्या वाड्याची वेस. २३ जून १७५७ ला पलाशीच्या मैदानात मीर जाफर सैन्य घेऊन उभा राहिला आणि लढला नाही. काही दिवसांतच सिराजला पकडून आणून ठार केलं, ते इथेच असं सांगतात. वेशीचं लोकांच्या तोंडचं नाव आजही तेच आहे. जवळच घराण्याचं कब्रस्तान आहे. चाचा म्हणाले, "खानदानातले लोक आजही या गावात आहेत. चांगले लोक आहेत. पण शाळेत पोरांना पोरं चिडवतात."

पलाशीच्या कटात दरबारी होते, सावकार होते, कंपनीचे साहेब तर होतेच. नाव चिकटलं ते एका देवडीला. आणि ते पुसायला पावणेतीनशे वर्षंही पुरलेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कटरा मशीद. इथे मुर्शिद कुली खान यांची गोष्ट सांगायला हवी, कारण तिचा एक धागा आपल्याकडे येतो. इतिहासकार जदुनाथ सरकार लिहितात की हे मूळचे दख्खनच्या एका ब्राह्मण घरातले. लहानपणी विकले गेले, एका इराणी उमरावाने त्यांना मुलासारखं वाढवलं. तो गेल्यावर ते दख्खनला परत आले आणि वऱ्हाडच्या दिवाणाच्या हाताखाली कामाला लागले. हिशेबात इतके पक्के की औरंगजेबाने त्यांना बंगालचे दिवाण करून पाठवलं. त्यांनी कचेरी ढाक्याहून इथे आणली आणि गावाला त्यांचंच नाव पडलं. वऱ्हाडात वह्या तपासणारा माणूस बंगालचा नवाब झाला.

त्यांनी ही मशीद १७२३-२४ मध्ये बांधली. १८९७ च्या भूकंपात घुमट कोसळले, तरी दोन उंच बुरूज आणि विटांच्या कमानी पाहून माणूस थबकतो. त्यांची कबर मशिदीत नाही, अंगणात नाही. प्रवेशाच्या पायऱ्यांखाली एक लहान खोली आहे, तिथे आहे. त्यांची इच्छाच तशी होती. नमाजला येणाऱ्यांचे पाय आपल्यावरून जावेत. अम्मी पायऱ्यांच्या बाजूला उभ्या राहिल्या, फातिहा पढली आणि मग कडेकडेने, जपून, वर चढल्या. गाइडही आवाज खाली आणून बोलत होता. नवाब असून किती नम्र माणूस, तो म्हणाला.

दुपारी तोच गाइड आम्हाला अजीमुन्निसा बेगमच्या कबरीपाशी घेऊन गेला. ही मुर्शिद कुली खानांची मुलगी, त्यांच्यामागून नवाब झालेल्या शुजाउद्दीनची बेगम. आता गाइडचा आवाज बदलला. तिखट-मीठ लावून तो सांगू लागला. बेगम आजारी पडली, हकिमाने लहान मुलांचं काळीज खायला सांगितलं, बरी झाली तरी तिची चटक गेली नाही, रोज एक मूल नाहीसं व्हायला लागलं. शेवटी बापाला कळलं आणि बापाने तिला जिवंत गाडलं, पायऱ्यांखाली, लोकांनी तुडवावं म्हणून. कलिजाखाकी बेगम! धाकट्याने आमचा हात घट्ट धरला. आजूबाजूचे प्रवासी मोबाईलवर चित्रण करत होते. खरं सांगायचं तर आम्हालाही मजा येत होती. दोन दिवस ज्याच्यासाठी आलो ते हेच, असं वाटलं.

तेवढ्यात थोरली म्हणाली, "पण ही पण पायऱ्यांखालीच आहे."

गाइड म्हणाला, "हो, शिक्षा म्हणून."

"सकाळी तर तुम्ही म्हणालात, नम्रता म्हणून."

तो जरा गोंधळला. मग तिने तिथल्या पाटीकडे बोट दाखवलं. मशीद १७३४ सालची. आणि मुर्शिद कुली खान वारले १७२७ मध्ये, हे सकाळी त्यानेच सांगितलं होतं. "सात वर्षांपूर्वी गेलेला बाप मुलीला इथे कसा गाडेल?"

गाइड वाईट माणूस नव्हता. हसून म्हणाला, "बेटी, काही लोक म्हणतात बापाने नाही, नवऱ्याने गाडलं. लोकांना आवडतं म्हणून आम्ही सांगतो."

आम्ही तिथेच उभे राहिलो. बापाने मशीद बांधली आणि पायऱ्यांखाली निजला. लेकीच्या नावाने मशीद उभी राहिली आणि तीही बापासारखीच पायऱ्यांखाली निजली. तीच जागा, तीच तऱ्हा. बापाची कबर पाहून लोक मान खाली घालतात आणि लेकीची पाहून अंगावर काटा आणून घेतात. भूकंपाने तिची मशीदही पाडली, एक भिंत तेवढी उरली आहे. उरली ती भिंत आणि हे नाव.

अम्मी इतका वेळ काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी फातिहा पढली, सकाळच्यासारखीच. मग टोटोत बसल्यावर म्हणाल्या, "सूरह हुजुरात पढता ना रे तुम्ही? गीबत म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खाणं, असं त्यात म्हटलंय. मग इथे काळीज कोण खातंय?"

टोटो चालू होती. कुणीच काही बोललं नाही. जरा वेळाने धाकट्याने विचारलं, "दादी, मग आपली फुफीदादी पण तसलीच आहे का?"

वाचकहो, आता आमच्या घरची गोष्ट सांगावी लागेल.

कोकणात आमच्या गावी, खाडीच्या बाजूला, चिऱ्यांचं एक जुनं घर आहे. अब्बांच्या फुफीचं. गेली कित्येक वर्षं कुलूप लावून आहे. कौलं ढासळली आहेत, पडवीत झाडं उगवली आहेत. आमच्या लहानपणी ती हयात होती, एकटी राहायची. नवरा जहाजावर खलाशी होता, तो एका सफरीवर गेला आणि परत आला नाही. दोन मुलं लहानपणीच गेली. गावात बोलत, तिने नवऱ्याला खाल्लं, पोरांना खाल्लं. रात्री माळ्यावर दिवा दिसतो, ती जिनांशी बोलते. आम्ही मुलं तिच्या घरावरून धावत जायचो. एकदा खडेही मारले आहेत. हे आज लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवं. आणि मे महिन्यात रात्री वीज गेली की ओटीवर बसून ही गोष्ट आम्हीच आमच्या मुलांना सांगत आलो, आवाज बदलून, त्या गाइडसारखी.

त्या रात्री लॉजवर अम्मींनी आम्हाला खरं सांगितलं. त्या नव्या नवरी म्हणून आल्या तेव्हा फुफीदादी तिशीत होती. दोन्ही मुलं एकाच पावसाळ्यात तापाने गेली. खाडीला उधाण होतं, होडी सोडायला कुणी तयार झालं नाही, पलीकडे दवाखान्यात नेता आलं नाही. नवरा गेल्यावर पैसे बंद झाले. रात्री दिवा लावून ती टोप्या विणायची, विकायला एका म्हातारीच्या हाती द्यायची, म्हणजे खानदानाला कमीपणा नको. आणि जिनांशी बोलणं? तहज्जुदला उठून ती कुराण पढायची, मोठ्याने, कारण घरात दुसरा आवाज नव्हता.

"तुम्ही इतकी वर्षं सांगितलं का नाही?" आम्ही विचारलं.

अम्मी बराच वेळ चादरीची घडी सारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमची लहान बहीण आजारी पडली तेव्हा मीच तुम्हाला तिकडे जायचं बंद केलं होतं. लोक म्हणत होते ना. मग कोणत्या तोंडाने सांगू?"

थोरलीने तेव्हा फुफीदादीचं नाव विचारलं. चौदा वर्षांत ते तिला ठाऊकच नव्हतं. नाव आम्ही इथे लिहीत नाही, ते आधी आमच्या भावकीत पोहोचू द्या. घर विकायचं घाटत आहे. गिऱ्हाईक येतं, गावात चौकशी करतं आणि भाव पाडून मागतं. भावकीत कुणी म्हणतं, एखादा आमिल बोलावून घर साफ करून घेऊ. आम्ही मुंबईला परतल्यावर मोठ्या काकांना फोन केला आणि सांगितलं, घरात साफ करायचं आहे ते फक्त गवत. काका रागावले. म्हातारपणी मला शिकवता का, म्हणाले. दोन दिवसांनी त्यांचा स्वतःहून फोन आला. म्हणाले, "तिने विणलेली एक टोपी माझ्याकडे आहे. ट्रंकेत सापडली." बाकी काही बोलले नाहीत. मे महिन्यात इन्शाअल्लाह सगळे मिळून जाऊ, कुलूप काढू, तिच्या कबरीवर जाऊ. घर विकलं जाईल की राहील, ते मग पाहू.

मुर्शिदाबादला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. दोन पूर्ण दिवस ठेवा. हजारदुआरीचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, तेव्हा जुम्याला कटरा मशीद आणि बाकीची ठिकाणं पाहून घ्या.  नदीपलीकडे होडीने खुशबागला नक्की जा. अलीवर्दी खान आणि सिराज तिथे निजले आहेत. सिराजची बेगम लुत्फुन्निसा हिने नवऱ्याच्या कबरीची देखभाल करत उरलेलं आयुष्य काढलं आणि तीही तिथेच आहे. तिथे गर्दी नसते, कारण तिच्याबद्दल भयानक असं काही सांगण्यासारखं नाही. थंडीचे दिवस बरे. बहरमपूरचा छानाबडा खाऊन पाहा, आपल्या गुलाबजामाचा थोरला भाऊ. अम्मींनी मुर्शिदाबादी रेशमाचा एक दुपट्टा थोरलीसाठी घेतला, भाव करून.

आणि गाइड घ्या, जरूर घ्या. त्याचंही घर त्यावर चालतं. गोष्ट ऐका, मुलांना ऐकू द्या. फक्त कबरीवरची पाटीही वाचा, साल पाहा, आणि फातिहा दोघांसाठी सारखीच पढा.

अल्लाह हाफिज.